मागच्यासाठी थांबायचा नियम

हरेश,

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्याबद्दल चार शब्द लिहून दे, असं मला वर्गातल्या बरोबरच्या मुलांनी सांगितलं. तू कॉलेजात नव्हतास हे त्यांना माहीत आहे. पण हल्ली मी तासाला नुसता बसलेला असतो, हेही त्यांना दिसतं. मी कागद घेतला आणि लिहिलं, 'हरेश हा अत्यंत मनमिळाऊ स्वभावाचा युवक होता.' लगेच तुझा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. "मास्तर, हा कोण रं हरेश? मना तर नाय माहीत." मी ते वाक्य खोडलं. दुसऱ्या कोणाला तुझ्याबद्दल सांगणं मला जमत नाही. म्हणून तुलाच लिहितो. वाचणाऱ्यांना आपला खेळ माहीत नाही, तेव्हा मधेमधे तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगावं लागेल. कंटाळू नकोस.

तुझा रोह्याचा दोस्त शकील, त्याच्या मामूंनी सौदीहून येताना खेळाचं ते पुस्तक आणलं होतं. जाडजूड, इंग्रजी, सुरुवातीची पानं गेलेली. त्यांच्या कंपनीतला कोणी परदेशी इंजिनिअर खोली सोडताना ते टाकून गेला होता. कव्हरवर तलवारवाला माणूस होता, म्हणून मामूंना वाटलं भाच्याला आवडेल. शकील ते घेऊन रोह्याहून थेट पेणला तुझ्या घरी आला, आणि तू ते माझ्या मांडीवर ठेवलंस. "वाच. तू कॉलेजात जातोस."

मी तेव्हा नुकताच कॉलेजात जायला लागलो होतो. आमच्या कासूच्या घरातून त्याआधी कोणी कॉलेज बघितलेलं नाही. मला इंग्रजी वाचता येत होतं, म्हणजे अक्षरं लावता येत होती. पण तुम्ही दोघं माझ्याकडे असे बघत होता की येत नाही म्हणायची हिंमत झाली नाही. डिक्शनरी घेऊन बसलो. एवढं कळलं की हा गोल करून बसायचा खेळ आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते बोलायचं. ते त्याला जमलं की नाही हे फासा ठरवणार. पुस्तकातले लोक सारखे एका अंधारकोठडीत शिरत होते. ते मी सांगितलं तेव्हा शकील म्हणाला, "अबे, जेलमध्ये स्वतःहून कोण जातं?" तूच म्हणालास, "कोठडी काढून टाक. खाडी घाल. खाडीत भीती वाटायला काय कमी हाय?"

आणि ते वीस फासे! पुस्तकात प्रत्येक ठिकाणी 'डी' आणि पुढे वीसचा आकडा होता. मी विचारपूर्वक सांगितलं की एका वेळी वीस फासे टाकायचे. तू पेणमधल्या सगळ्या ओळखीच्या घरांतून सापशिडीचे फासे मागून आणलेस. शकीलने दोन्ही हातांनी ते टाकले, अर्धे पडवीबाहेर गेले, एक कोंबडीने उचलला. मग सगळ्यांची बेरीज. एका राक्षसाला एक फटका मारायला आपल्याला चहा गार होईपर्यंत वेळ लागायचा. कित्येक रविवार आपण असंच खेळलो. पुढे मलाच एका पानाच्या कोपऱ्यात चित्र दिसलं, की तो एकच फासा असतो, वीस तोंडांचा. मी ते तुला घाबरत घाबरत दाखवलं. तू चित्राकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि हसत हसत पडवीत आडवा झालास. "मास्तर, तू परीक्षेत पास कसा होतोस रं?" शकील नंतर कितीतरी दिवस ते काढायचा. तू त्या एका दिवसानंतर कधी काढलं नाहीस.

तू शाडूचा वीस तोंडांचा फासा करून बघितलास. तो वाळताना तडकला आणि दर वेळी एकाच बाजूवर बसायला लागला. मग नंदाने सुचवलं, चिंचोक्यांवर आकडे रंगवा आणि डब्यात टाकून एक काढा. तुझी धाकटी बहीण आपल्या तिघांपेक्षा व्यवहारी आहे. बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा तेव्हापासून आपला फासा झाला. हलवला की घरभर ऐकू जायचा.

गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुस्तक माझ्याकडे होतं. मला ते नको होतं. वर्गात सरांनी नाव विचारलं तरी माझी जीभ अडकते, हे तुला शाळेपासून माहीत होतं. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून काहीतरी पुटपुटत होतो. तू मधेच म्हणालास, "मोठ्याने बोल. राक्षस तुझ्यासारखा बोलला तर आम्ही त्याला भाकरी देऊन घरी पाठवू." नंदा हसली, मीही हसलो, आणि मग माझा आवाज सुटला. तुझ्या पडवीत, वाळत घातलेल्या कोलीम-जवळ्याच्या वासात, मी आयुष्यात पहिल्यांदा तासन्‌तास न अडखळता बोललो. याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायचं असतं हे सुचलं नाही.

तुझी आई, आमची काकी, स्वयंपाकघरातून आपला खेळ ऐकायची. दिसायचं काही नाही, नुसता डब्याचा आवाज. तो थांबला की आतून विचारायची, "डबा का गप? कोणाचा डाव हाय रं?" डाव बहुतेक तुझा असायचा. तुझा डाव आला की तू नेमका जागेवर नसायचास. हाताची माती धुवायला, नाहीतर वाळवणावरची कोंबडी हाकलायला गेलेला. आम्ही तिघं ओरडायचो, "हरेशचा!" आणि काकी म्हणायची, "मग थांबा."

पण खेळात खरी अडचण दुसरीच होती. शकील. त्याचा माणूस एका जागी ठरायचाच नाही. "मी पुढे जातो. मी दार उघडतो. मी आत जातो." मी बिचारा त्याच्या एकट्याची गोष्ट सांगत बसायचो, आणि तुम्ही दोघं तोंड बघत. त्यात नंदाला मधेच हाक यायची. नळाला पाणी आलं, ये गो. ती हंडा घेऊन जायची आणि परत येईपर्यंत शकीलने अर्धं राज्य फिरून टाकलेलं. "काय झालं?" ती विचारायची. "आटपलं सगळं," शकील म्हणायचा. ती चिंचोके चाळवायची. पुस्तकात यावर काही नियम नव्हता. मी सगळं धुंडाळलं. परदेशात कोणाला मधेच पाणी भरायला जावं लागत नसेल.

नियम तुला रोह्याला सापडला.

गणपती संपले की पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात तुझं काम कमी व्हायचं, तेव्हा तू रोह्याच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायचास. सुटल्यावर शकीलच्या घरच्यांच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. तिथेच तर तुझी आणि शकीलची दोस्ती झाली होती. एकदा तू मला कासूहून गाडीत बसवून मुद्दाम तिकडे नेलंस. अंधारं दुकान, चार मशीन, प्रत्येक मशीनभोवती पोरांचा घोळका. मला वाटलं तू खेळायला नेतोयस. पण तू मला एका मशीनच्या बाजूला उभं केलंस. त्यात दोन जण मिळून गुंडांना मारत रस्त्याने पुढे जात होते. तू कानात म्हणालास, "मारामारी बघू नको. स्क्रीन बघ."

मी बघत राहिलो, मला काही कळेना.

"तो निळा बघ. पळतोय, पण कडेला जाऊन अडकला. का अडकला? लाल मागे हाय. लाल आल्याबिगर स्क्रीन सरकतच नाय." तुझा चेहरा त्या उजेडात चमकत होता. "नंदा पाणी भरून येईपर्यंत शकील्याला कडेला उभा करायचा. बस."

त्या दिवसापासून तू त्या मशीनमधून काय काय उचलून आणलंस! आपण नकाशे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढायचो. तू ठरवलंस, एक पान म्हणजे एक स्क्रीन. सगळे पुढच्या कडेला पोचल्याशिवाय पान बदलायचं नाही. पुस्तकात प्रत्येकाची ताकद आपापल्या कागदावर लिहायची होती, वजाबाकी करत. तू म्हणालास, मशीनवर बघ, ताकदीची पट्टी सगळ्यांना दिसते, म्हणून तर मागचा धावून येतो. मग प्रत्येकासमोर तार आली आणि तारेत गणपतीच्या दागिन्यांतले उरलेले मणी. फटका बसला की मणी काढायचा. नंदाचे मणी कमी झाले की शकीलसुद्धा, कधी नव्हे तो, मागे वळायला लागला. मशीनमध्ये पिंप फोडलं की आत खायला मिळतं, तर तू आपल्या खाडीत जागोजागी मडकी ठेवलीस. नंदा म्हणाली, "मडक्यात तळलेला बोंबील कोण ठेवून गेला?" तू गंभीरपणे म्हणालास, "तुला खायचाय का चौकशी करायची हाय?"

मी पुस्तकाच्या बाजूने भांडायचो. मला वाटायचं, छापलेलं आहे म्हणजे विचार करूनच छापलं असेल. तू म्हणायचास, "ज्याने लिवलं त्याने आमची पडवी बघितलीय का?" तुझे नियम घातल्यावर खेळ खरंच चालायला लागला. इतका, की नंदा हंडा ठेवून धापा टाकत यायची आणि बघायची तर शकीलचा माणूस कडेला उभा, शकील वैतागून नखं खातोय, आणि गोष्ट तिने सोडली तिथेच. ती फतकल मारून बसायची आणि डबा ओढून घ्यायची. ते बघायला तू तिच्याकडे एकदा पटकन नजर टाकायचास. मी ते पाहिलेलं आहे.

बाहुल्या तू शाडूच्या केल्यास. कारखान्यात उरलेली माती, उरलेला रंग. बोटाएवढी नंदाची वैदीण, पाठीला झोळी. शकीलचा भालेवाला. त्यांचे डोळे मी अजून विसरू शकत नाही. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, पेणला मूर्तीच्या डोळ्यांच्या रंगकामाला आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते आणि ज्याच्या त्याच्या हातात देत नाहीत. तू रंग देत होतास, सोंडेवरची नक्षी काढत होतास, पण आखणी कारखान्याचे शेठ स्वतः करायचे. तुझी सगळी तडफड त्या एका कामासाठी होती. आमच्या बाहुल्यांवर तू हात बसवत होतास. तांदळाएवढे डोळे, आणि त्यांत नजर. स्वतःच्या बाहुलीचे डोळे मात्र कोरेच ठेवलेस. "ज्या दिवशी शेठ मना गणपतीची आखणी देतील, त्या दिवशी माझी करीन." शकील म्हणाला, "तोपर्यंत आंधळा फिरणार?" "तू पुढे हायस ना. आपटलास की कळंल मना."

आता त्या भांडणाकडे येतो. ते अजून मिटलेलं नाही.

रोह्यालाच, त्याच मशीनवर, तू आणि मी खेळत होतो. तू लाल, मी निळा. तुझा माणूस मेला. तो दोन-चारदा लुकलुकला आणि नाहीसा झाला, आणि त्याबरोबर कडेला अडकलेली माझी स्क्रीन झरकन पुढे सरकली. मला ते कसंतरीच वाटलं. इतका वेळ ज्याच्यासाठी अडत होतं तो गेल्याबरोबर रस्ता मोकळा! तू मशीनवर हात ठेवून ओरडत होतास, "जा, जा पुढं! बघू काय हाय तिकडं!" माझा हात दांड्यावरून निघाला. माझ्या माणसाला गुंडांनी उभ्या उभ्या मारलं. तू चिडलास. "वाया घालवलास ना! मी मेलो तर मेलो, तुला काय झालं होतं?"

परतीच्या गाडीत आपण त्यावरच बोलत होतो. मी म्हणत होतो, आपल्या खेळात असं नको. कोणी मेला तर बाकीच्यांनी त्याची बाहुली उचलून बरोबर न्यायची, आणि त्याच्या वाटचं ओझं म्हणून सगळ्यांनी हळू चालायचं. तू ऐकायला तयार नव्हतास.

"नाय. मेला की स्क्रीन सुटली पायजे. नायतर एक मेला म्हणून सगळा गेम मेला."

"मग मागच्यासाठी थांबायचा नियम तू केलास तरी कशाला?"

"तो जित्यासाठी हाय, मास्तर. जो येणार हाय त्याच्यासाठी थांबायचं. जो यायचाच नाय त्याच्यासाठी थांबून काय करणार? त्याला कळणार हाय का तुम्ही थांबलात ते?"

कासू आलं, मी उतरलो. खिडकीतून तू म्हणालास, "रविवारी बघू." पुढच्या रविवारी आपण दुसऱ्याच कशावरून तरी भांडलो. आपल्या खेळात कोणी मेलंच नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती.

तुझे डोळे पिवळे झालेले आधी नंदाला दिसले. काकीने तुला डोंगराकडच्या वाडीतल्या औषध देणाऱ्या आजीकडे नेलं. तिने पाला दिला, पथ्य सांगितलं. ती वाईट बाई नव्हती. तिनेच दुसऱ्या खेपेला सांगितलं, याला डॉक्टरकडे न्या, माझ्या हातातलं नाय हे. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. मी बरोबर आलो. का आलो, तर काकी म्हणाली, "सुनीलला घ्या. तो शिकलेला हाय. तिथं काय लिवतात ते त्याला कळंल."

हरेश, मला कळलं नाही.

वॉर्डाच्या बाहेर मी बाकावर बसलो होतो, तिथे नर्सने मला तुझ्या रक्ततपासणीचा कागद दिला. काकी एका बाजूला, शकील दुसऱ्या बाजूला. मी अक्षरं लावली. सगळी लावता आली. एका बाजूला जे असायला हवं ते आकडे, दुसऱ्या बाजूला तुझे. तुझे फार पुढे होते. "काय लिवलंय रं?" काकीने विचारलं. मी म्हणालो, "वाढलंय." "काय वाढलंय?" "कावीळ." ती म्हणाली, "ते तर डोळ्यांत दिसतंय, बाबा." ती रागावली नव्हती. आणखी काहीतरी मी सांगेन म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती. वीस फाशांच्या वेळी माझी चूक झाली तेव्हा तू हसला होतास. त्या बाकावर माझी चूकही झाली नाही. नुसतं तिथेच सगळं संपत होतं, जिथे माझं वाचणं संपत होतं. शकील, ज्याला वाचता येत नाही असं तो स्वतःच म्हणतो, त्याने कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि घडी घातली.

आत आलो तेव्हा तू जागा होतास. गालफडं बसलेली, आणि ते डोळे. तू माझा चेहरा बघितलास आणि म्हणालास, "शेठना सांग, माझ्या आखणीत पिवळा जास्त पडलाय." मला हसायला हवं होतं. तू त्यासाठीच बोलला होतास.

मग तू विचारलंस, "उघाडीच्या पल्याड काय हाय?"

आपण ज्या पानावर थांबलो होतो त्याच्या शेवटी खाडीचा बांध होता, आणि बांधात पाणी सोडायचं मोठं दार, उघाडी. तिच्या पलीकडे काय आहे म्हणून तू आजारी पडायच्या आधीपासून माझ्यामागे लागला होतास. मी प्रत्येक वेळी गूढ हसायचो. आता तुला सांगतो. मला माहीत नव्हतं. मी पुढचं काही ठरवलंच नव्हतं. मी नेहमी पान बदलल्यावर सुचेल तसं सांगत आलो, आणि तुम्हाला वाटायचं माझ्याकडे सगळं तयार आहे. तुझ्या पलंगाशी उभा राहून मी काहीतरी सुचवायचा किती प्रयत्न केला. एखादं शहर, एखादा राजा, काहीही. डोकं कोरं. म्हणून म्हणालो, "आधी तुझा माणूस दारापर्यंत आण. मागे राहिलाय तो."

"हां," तू म्हणालास. "दोघांना सांग, थांबा म्हणावं. मी जिता हाय अजून."

तू हसत होतास. नर्सने आम्हाला बाहेर काढलं. त्यानंतर तू शुद्धीवर असताना मला तरी भेटायला मिळालं नाही.

तुला घरी आणलं त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तो तुझा नव्हता, आमचा होता.

शेठ भेटायला आले होते. पडवीत बसले, पाणी प्यायले. कोनाड्यात आपल्या बाहुल्या होत्या. त्यांनी नंदाची वैदीण उचलली, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरली. "ही आखणी कोणाची?" "दादाची," नंदा म्हणाली. शेठनी बाहुली उजेडाकडे वळवली. "मला दाखवली का नाही त्याने?" तू ती त्यांना दाखवायला भीत होतास, हे मला माहीत होतं, पण आता ते सांगून काय करायचं होतं? त्यांनी ती परत ठेवली, तोंड भिंतीकडे नाही ना हे बघून ठेवली, आणि चप्पल शोधत बाहेर गेले.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी शकील रोह्याहून आला. बोलावलं कोणी नव्हतं. मीही गेलो होतो, मलाही कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही पडवीत बसून राहिलो. नंदा आत गेली आणि कॅलेंडरचं पान, डबा आणि बाहुल्या घेऊन आली. पान अंथरलं. बाहुल्या आधी जिथे होत्या तिथेच तिने त्या ठेवल्या. तिला जागा पाठ होत्या. शकीलचा भालेवाला उघाडीच्या अलीकडे, तिची वैदीण त्याच्या मागे, आणि तू पार मागच्या कडेला, कोऱ्या डोळ्यांनी.

"नियम काय म्हणतो, सुनीलदादा?" नंदाने विचारलं.

ती माझ्याकडे बघत होती. शकीलही. मी गोष्ट सांगणारा, मी पुस्तकवाला. पुस्तकात ते नाही. मशीनचं उत्तर मला माहीत आहे, तुझंही माहीत आहे. तू असतास तर म्हणाला असतास, उचल ती बाहुली, सुटू दे स्क्रीन, बघू काय हाय तिकडं. मी म्हणालो, "त्याचं नि माझं ते ठरलं नव्हतं."

शकील तुझ्यासमोरच्या तारेकडे बघत होता. मग म्हणाला, "पण यार, याचे मणी तर सगळे आहेत."

खरंच होते. त्या पानावर तुला कोणी शिवलंही नव्हतं. तारभर मणी. खेळाच्या हिशोबाने तुला काहीही झालेलं नव्हतं, तू फक्त मागे होतास. शकीलने डबा घेतला, हलवला, चिंचोका काढला आणि भालेवाल्याला दारापाशी नेऊन उभा केला. नंदाने काढला. तिची वैदीण त्याच्या शेजारी गेली. मग डबा तिने पानाच्या मधोमध ठेवला, आणि तिथेच राहू दिला. तुझ्या नावाने चिंचोका काढायला तिचा हात गेला नाही, माझा गेला नाही, शकीलने तर हात मांडीखाली घेतले.

बाहेर कोंबडी वाळवणावर चढली होती. तिला हाकलायला कोणी उठलं नाही.

आतून काकीचा आवाज आला. सवयीने आला असावा. "डबा का गप? कोणाचा डाव हाय रं?"

नंदाने माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येईना, आणि खरं काय तेही कळेना. जे होतं ते सांगितलं.

"हरेशचा, काकी."

आत भांड्यांचा आवाज चालू होता तो बंद झाला. आम्ही दाराकडे बघत होतो. ती बाहेर आली नाही. खूप वेळाने झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

"मग थांबा," काकी म्हणाली.

आम्ही थांबलो आहोत, हरेश.